वार कोणाची, केस कोणाचे, रक्त कोणाचे?

बाळ जन्माला आले की सुईण नाळ कापायची, वार गाडग्यात घालायची आणि परसात हातभर खोल खड्डा करून पुरायची. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवायची. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमापट्ट्यात हे डोळ्यांनी पाहिलेल्या आज्या अजून आहेत. त्या वारेचा मालक कोण, हा प्रश्न तेव्हा पडायचे कारण नव्हते. मातीत गेलेल्या वस्तूवर हक्क कोण सांगणार?

आता बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि वार पिवळ्या पिशवीत जाते. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत मानवी शरीरातून निघालेले अवयव आणि ऊती पिवळ्या वर्गात मोडतात, वारही त्यातच. तिची विल्हेवाट बहुतेक ठिकाणी भट्टीत जाळून लावतात. जिथे जाळण्याची सोयच पोहोचत नाही अशा दूरच्या भागात खोल पुरण्याची मुभा आहे. म्हणजे सुईणीचा खड्डा सरकारी नियमांत अजून टिकून आहे. पण वारेला आज तिसरी एक वाट आहे. त्या वाटेने ती औषध होते, मलमपट्टी होते, कधी कोट्यवधींच्या व्यवहाराचा कच्चा मालही होते. तिथे पोहोचल्यावर मात्र मालकीचा प्रश्न टाळता येत नाही.

आधी वारेबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण ती फार नवलाची वस्तू आहे. शरीर नव्याने घडवते, काही महिने वापरते आणि काम संपताच टाकून देते असा हा एकच अवयव. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. बाळाच्या फुफ्फुसांचे, मूत्रपिंडांचे आणि आतड्यांचे काम तोवर हीच करते. आईच्या पोटात वाढलेली ही वार बहुतांशी आईची नसतेच. आई आणि बाप या दोघांच्या बीजांतून जो गर्भ तयार होतो, त्यातूनच तिचा बराचसा भाग वाढतो. म्हणून तिच्या पेशींत बाळाची जनुके असतात, त्यातली निम्मी बापाची. बाळ मुलगा असेल तर त्या पेशींत वाय गुणसूत्रही सापडते. गर्भाशयाला चिकटलेला एक पातळ थर तेवढा आईचा. बाळाभोवतीचे पाणी धरून ठेवणारा पारदर्शक पापुद्रा, ज्याला अम्निऑन म्हणतात, तो तर सगळाच बाळाचा. संमतीपत्रावर सही मात्र आई करते. जन्मून काही मिनिटे झालेला मालक सही करू शकत नाही.

आता तिसऱ्या वाटेकडे वळू. गोशे नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात शरीरातले एक विकर कमी पडते, विशिष्ट स्निग्ध पदार्थ पेशींत साठत जातो, यकृत आणि प्लीहा फुगतात, हाडे ठिसूळ होतात. ते विकर माणसाच्या वारेत सापडते. जेन्झाइम या अमेरिकी कंपनीने ते वारेतून काढून औषध बनवले आणि 1991 मध्ये त्याला मान्यता मिळाली. नाव सेरेडेज. एका रुग्णाला वर्षभर पुरेल इतके औषध काढायला सुमारे 20,000 बाळंतपणांची वार लागत असे. हा आकडा सावकाश वाचावा. एका अनोळखी माणसाचे एक वर्ष सरावे म्हणून वीस हजार बायकांच्या प्रसूतिवेणा. ही वार अनेक देशांतल्या प्रसूतिगृहांतून फ्रान्सच्या मेरिअ संस्थेमार्फत गोळा होई आणि टाकाऊ म्हणूनच उचलली जाई. 1994 नंतर तेच विकर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून बनवता येऊ लागले आणि वारेची गरज संपली. पण ती काही वर्षे जगातल्या सर्वांत महाग औषधांपैकी एक औषध, जिचे नाव कुठेही नोंदलेले नाही अशा बाईच्या टाकलेल्या वारेतून येत होते.

आपल्याकडची गोष्ट अधिक समाधानाची आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 मध्ये ऊतिपेढी सुरू झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची तिला मदत होती. किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेल्या मानवी ऊती पुरवणारी ही देशातली पहिली पेढी. डॉ. अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती अनेक वर्षे सांभाळली. आईची संसर्गाची तपासणी करून, तिची संमती घेऊन, वारेवरचा तो पापुद्रा सोलून घेतात, धुतात, सुकवतात, पाकिटात बंद करतात आणि गॅमा किरणांखाली ठेवतात. असे निर्जंतुकीकरण करणारा आयसोमेड हा प्रकल्प भाभा अणुसंशोधन केंद्राने तुर्भ्याला 1974 मध्येच उभारला होता. सुकलेला पापुद्रा फ्रिजशिवाय टिकतो. भाजलेल्या किंवा चिघळलेल्या जखमेवर तो ठेवला की उघड्या मज्जातंतूंवर पांघरूण पडते, वेदना कमी होते आणि खालून नवी कातडी धरू लागते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे परक्याचा पापुद्रा शरीर फारसे नाकारत नाही. कोण्या बाळाभोवतीचे पाणी धरून ठेवणारा पडदा दुसऱ्या कोणाच्या जखमेतले पाणी धरून ठेवतो. हे वाचून ज्याच्या अंगावर काटा येत नसेल त्याने पुन्हा एकदा वाचावे.

पिवळ्या पिशवीत असताना वारेची किंमत शून्य होती, उलट जाळायचा खर्च होता. निर्जंतुक पाकिटात आल्यावर तिला दर लागला. मधे काय बदलले? याचे कायदेशीर उत्तर एका विचित्र खटल्यात सापडते. न्यूझीलंडमध्ये 1868 मध्ये दोन डोक्यांचे एक मृत बाळ जन्मले. डॉक्टरने ते बरणीत, मद्यार्कात जतन करून ठेवले. तो डॉक्टर वारल्यावर बरणीचा लिलाव झाला. पुढे ऑस्ट्रेलियात डूडवर्ड नावाचा माणूस ती पैसे घेऊन लोकांना दाखवू लागला, तेव्हा पोलिसांनी जप्त केली. तो कोर्टात गेला. इंग्रजी कायद्याची जुनी परंपरा सांगत होती की मृतदेह कोणाच्याच मालकीचा नसतो. मुलगाही बापाच्या प्रेताचा मालक नसतो, त्याच्यावर अंत्यसंस्काराचे कर्तव्य तेवढे असते. पण 1908 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला की ज्याने कायदेशीर मार्गाने आपले श्रम आणि कौशल्य ओतून त्या देहाला काही वेगळे रूप दिले, त्याला तो जवळ ठेवण्याचा हक्क मिळतो.

श्रम आणि कौशल्य. गेली शंभर वर्षे मानवी ऊतींचा सारा व्यवहार याच खुंटीवर टांगलेला आहे. ज्याच्या देहातून ऊती आली त्याला मालकी नाही. ज्याने ती धुतली, सुकवली, वाढवली, त्याला आहे. मला हा न्याय अर्धाच पटतो. उरलेल्या अर्ध्याकडे वळण्याआधी आपल्या देशाचा कायदा पाहू, कारण तो एकाच देहाचे तीन वेगवेगळे हिशेब मांडतो.

पहिला हिशेब केसांचा, आणि तो सर्वांत सोपा. केस विकता येतात. तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा देवस्थान ई-लिलाव करते. 2022-23 च्या अंदाजपत्रकात त्यातून 126 कोटी रुपये धरले होते. आपल्या गल्लीत येणारा फेरीवाला बायकांचा गुंतवळ घेतो आणि बदल्यात भांडे देतो. असा माल कोप्पळजवळच्या भाग्यनगरासारख्या गावांत जातो. तिथे केस विंचरून, लांबीप्रमाणे वेगळे करून परदेशात पाठवण्याचा मोठा धंदा उभा आहे. देहाचा एवढाच भाग असा की तो देताना बदल्यात वस्तू घेणे हा गुन्हा नाही. मूळ देणारीच्या हाती मात्र एक वाटी पडते.

दुसरा हिशेब रक्ताचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली रक्त हे औषध मानले जाते. एके काळी पैसे घेऊन रक्त देणारे लोक रक्तपेढ्यांबाहेर रांगा लावत. त्यातून काविळीचे आणि पुढे एचआयव्हीचे संसर्ग पसरले. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर 4 जानेवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून धंदेवाईक रक्तदान बंद झाले. आज रक्ताच्या पिशवीचे जे पैसे भरावे लागतात ते तपासणी, साठवण आणि प्रक्रियेचे. रक्त विकण्यासाठी नाही, फक्त प्रक्रिया शुल्कच घ्या, असे केंद्रीय औषध नियंत्रकांना 2023 च्या डिसेंबरात पुन्हा लिहून कळवावे लागले. गिरणीत आपण दळणाचे पैसे देतो, धान्याचे नाही. सरकारची कल्पना अगदी हीच आहे. फरक इतकाच की इथे धान्य एकाचे आणि पीठ दुसऱ्याच्या घरी जाते.

आणि रक्ताचा एक भाग कारखान्यातही जातो. शिबिरात दिलेल्या पिशवीचे पुढे तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा असे भाग करतात. दवाखान्यांना तांबड्या पेशी जास्त लागतात, प्लाझ्मा तितका लागत नाही, म्हणून तो शिल्लक राहतो. हा पिवळसर द्रव फार मोलाचा आहे. अल्कोहोल, थंडी आणि आम्लता यांचा मेळ बदलत गेले की त्यातली प्रथिने एकेक करून खाली बसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडविन कोन यांनी अमेरिकेत ही पद्धत बसवली. त्यातून अल्ब्युमिन मिळते, प्रतिपिंडांचे इंजेक्शन मिळते, हिमोफिलियाच्या मुलांना लागणारे रक्त गोठवणारे घटक मिळतात. काही वर्षांपूर्वी केंद्र सरकारने शिल्लक प्लाझ्माचे विनिमय मूल्य लिटरला 1,600 रुपये ठरवले आणि तो औषध कंपन्यांना देण्याची वाट नियमात बसवली. प्रतिपिंडांच्या त्याच इंजेक्शनच्या एका बाटलीला रुग्णाचे नातेवाईक हजारो रुपये मोजतात.

यात पाप आहे असे मला वाटत नाही. तो प्लाझ्मा गटारात गेला असता तर ते पाप होते. गुडघ्यात रक्त साचून तळमळणाऱ्या मुलाला त्या बाटलीनेच उभे केले आहे. खटकते ते एवढेच की हुमनाबादच्या किंवा अफजलपूरच्या शिबिरात बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जाणाऱ्या पोराला आपल्या रक्ताचा हा प्रवास माहीत नसतो. तो कळला तर त्याचा अभिमान वाढेलच. लपवावे असे त्यात काही नाही, मग फलकावर लिहायला काय हरकत आहे?

तिसरा हिशेब बाकीच्या ऊतींचा: डोळ्याचे बुबुळ, कातडी, हाड, हृदयाच्या झडपा, अम्निऑन. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीला फक्त अवयवांचा होता. 2011 च्या दुरुस्तीने त्यात ऊती आल्या आणि ऊतिपेढ्यांना नोंदणी सक्तीची झाली. रक्त सोडून, शरीरात ठरावीक काम करणारा पेशींचा समूह म्हणजे ऊती, अशी त्यात व्याख्या आहे. ऊतींचा सौदा करणाऱ्याला एक ते तीन वर्षे कैद आणि 5 ते 25 लाख रुपये दंड. पण ज्या मोबदल्यावर बंदी आहे, त्याच्या व्याख्येत एक दार उघडे ठेवले आहे. ऊती काढण्याचा, वाहून नेण्याचा, जतन करण्याचा खर्च हा मोबदला धरला जात नाही. अमेरिकेच्या 1984 च्या कायद्यातही असेच दार आहे, आणि तिथे त्या दारातून दान केलेल्या हाडांचा आणि कातडीचा फार मोठा उद्योग आत शिरला. दात्याच्या घरच्यांना एक डॉलरही मिळत नाही, हाडाच्या भुकटीची बाटली मात्र बाजारभावाने जाते. आपल्याकडे तसे होऊ द्यायचे नसेल तर जतनाचा खर्च म्हणजे नेमका किती, हे विचारण्याची सवय आजच लागली पाहिजे.

या दानात केवढी ताकद आहे हे कर्नाटकाने 2021 मध्ये पाहिले. 29 ऑक्टोबरला अभिनेते पुनीत राजकुमार गेले. वडील डॉ. राजकुमार यांच्याप्रमाणेच त्यांचेही डोळे दान झाले. बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयात डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवरच्या पारदर्शक पडद्याचे पुढचा थर आणि मागचा थर असे भाग केले आणि दोन डोळ्यांतून चार जणांना दृष्टी दिली. बुबुळाच्या कडेला मूलपेशींची एक बारीक पट्टी असते, ती पेशी वाढवण्यासाठी प्रयोगशाळेत गेली. तो पारदर्शक पडदा स्वतःच एक आश्चर्य आहे. त्यात रक्तवाहिनी नाही, तो आपला प्राणवायू थेट हवेतून घेतो. म्हणून माणूस गेल्यावर काही तास तो जिवंत राहतो आणि परक्याच्या डोळ्यातही सहसा नांदतो. पुनीत यांच्यानंतर राज्यभर नेत्रदानाच्या अर्जांची रीघ लागली.

आणि इथेच एक बारीक गोष्ट दिसते. चार जणांना मिळालेली दृष्टी हे प्रत्यारोपण, आणि पट्टीतून वाढवलेल्या पेशी हे संशोधनाचे क्षेत्र. दान एकच, पण त्याची दोन टोके दोन वेगळ्या नियमांत पडतात. पहिल्या टोकाला 1994 चा कायदा आहे. दुसऱ्या टोकाला काय आहे?

त्यासाठी जॉन मूर यांची गोष्ट सांगावी लागते. हे सिअ‍ॅटलचे गृहस्थ 1976 मध्ये रक्ताच्या एका दुर्मीळ कर्करोगासाठी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात गेले. तिथल्या डॉ. डेव्हिड गोल्ड यांच्या सल्ल्याने त्यांची प्लीहा काढण्यात आली आणि मूर यांचा जीव वाचला. त्यानंतर सात वर्षे तपासणीच्या नावाखाली त्यांना इतक्या लांबून बोलावले गेले. दर खेपेला रक्त, अस्थिमज्जा, कातडी, वीर्य घेतले गेले. मूर यांना वाटे की उपचार चालू आहेत. प्रत्यक्षात त्यांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत न मरणारी पेशींची एक ओळ तयार झाली होती. मूर यांच्याच आडनावाची अक्षरे घेऊन तिला ‘मो’ असे नाव दिले गेले आणि 1984 मध्ये तिचे पेटंट निघाले. त्या पेशी ज्या प्रकारची प्रथिने बनवत, त्यांची बाजारपेठ 1990 पर्यंत तीन अब्ज डॉलरवर जाईल अशी भाकिते होत होती. मूर कोर्टात गेले आणि म्हणाले, प्लीहा माझी, पेशी माझ्या, माझा वाटा द्या.

1990 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्धा न्याय केला. डॉक्टरने आपला आर्थिक हितसंबंध रुग्णापासून लपवला, त्याबद्दल मूर दाद मागू शकतात असे म्हटले. पण देहाबाहेर पडलेल्या पेशींवर त्यांची मालकी उरत नाही, असेही म्हटले. कारण उघड दिले: असा हक्क मान्य केला तर संशोधनाची चाके थांबतील. न्यायमूर्ती मॉस्क यांनी यावर कडक भिन्नमत नोंदवले. सगळ्यांना नफा घेता येतो, फक्त ज्याच्या देहातून पेशी आल्या त्यालाच नाही, ही विषमता त्यांना सहन झाली नाही. मलाही होत नाही. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकी बाईच्या पेशी 1951 मध्ये तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढत आहेत. तिच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती 2023 मध्ये, बहात्तर वर्षांनी.

आता भारताकडे या, कारण इथे एक सुखद धक्का आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 मध्ये जी राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती मूर यांच्या निकालाच्या नेमकी उलट दिशेने जातात. संशोधनासाठी दिलेल्या नमुन्याचा आणि त्यासोबतच्या माहितीचा मालक नमुना देणारा माणूसच आहे, असे ती सांगतात. संस्था ही फक्त राखणदार, विश्वस्त. देणाऱ्याला नमुना परत मागे घेता येतो. त्यातून धंदा होणार असेल तर लाभातल्या वाटणीचा विचार व्हावा आणि तो संमतीपत्रात आधीच सांगितलेला असावा. ही नुसती सूचना राहू नये म्हणून 2019 च्या नव्या औषधे व चिकित्सा चाचणी नियमांनी, वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या नीतिमत्ता समित्यांना ही तत्त्वे पाळणे बंधनकारक केले. एका गरीब देशाने श्रीमंत राज्याच्या न्यायालयापेक्षा आपल्या रुग्णावर जास्त विश्वास ठेवला, याचा मला अभिमान वाटतो.

फटी मात्र आहेत. उपचारानंतर उरलेला नमुना नाव-गाव पुसून वापरायचा असेल, तर समिती संमतीची अट माफ करू शकते. आणि 2016 च्या ऑगस्टमध्ये परदेश व्यापार महासंचालनालयाने रक्त आणि ऊतींचे नमुने तपासणीसाठी किंवा संशोधनासाठी परदेशी पाठवण्याची वाट पुष्कळ मोकळी केली. तोवर त्यासाठी परवानगी लागे, आता कंपनीचे हमीपत्र पुरते.

उरलेला नमुना म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांना नीट माहीत आहे. गाठीचा तुकडा काढतात, तो मेणात बसवून ठेवतात आणि त्याच्या पातळ चकत्या काचेवर घेतात. बिदर-कलबुर्गीहून हैदराबादला, सोलापूरला किंवा मुंबईला टाटाला जाताना घरची माणसे ‘ब्लॉक आणि स्लाइड’ रुमालात गुंडाळून नेतात. ज्या दवाखान्याने तो काढला तोही तो सांभाळतो, ज्याच्या अंगातून आला त्यालाही तो लागतो. शेंगदाण्याएवढ्या त्या मेणाच्या तुकड्यात माणसाची सगळी जनुके आहेत. आज त्यात आजार वाचतात, उद्या औषध शोधतील.

आपला बिदर जिल्हा सीमेवर असल्याने या सगळ्याला आणखी एक पदर आहे. 1956 पर्यंत बिदर, भालकी, उदगीर, निलंगा, अहमदपूर एकाच जिल्ह्यात होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांच्या सीमेची रेषा आखली गेली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे, आजच्या महाराष्ट्रात, आणि बिदर, भालकी इकडे, आजच्या कर्नाटकात. सोयरीक तुटली नाही, पण कायदे वेगळे झाले. बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयाला देण्याचा मुंबईचा कायदा 1949 चा, कर्नाटकाचा 1957 चा. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने 1994 चा केंद्रीय कायदाही राज्याने ठराव करून स्वीकारावा लागतो. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांनी तो आधी मागितला आणि 4 फेब्रुवारी 1995 पासून तो तिथे लागू झाला. कर्नाटकाने पुढे स्वीकारला. आंध्राने आपला वेगळा कायदा केला. तेलंगणाच्या विधानसभेने केंद्रीय कायदा स्वीकारण्याचा ठराव केला तो 2025 च्या मार्चमध्ये. म्हणजे औरादचा माणूस उदगीरला गेला, बिदरला गेला किंवा हैदराबादला गेला, तर त्याच्या त्याच देहाला कितीतरी वर्षे निरनिराळे कायदे लागू होते. अवयवांसाठीची प्रतीक्षायादी आजही वेगळी असते: कर्नाटकात जीवसार्थकते ही संस्था, महाराष्ट्रात विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या.

आणि मालकीचा शब्द टाळत आलेल्या आपल्या न्यायालयांनी तो अलीकडे एकदा उच्चारला आहे. कर्करोगाने वारलेल्या अविवाहित तरुणाचे गोठवून ठेवलेले वीर्य त्याच्या आईवडिलांनी मागितले, तेव्हा 4 ऑक्टोबर 2024 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्याच्या मालमत्तेचा भाग मानून त्यांना द्यायला सांगितले. देहातून निघालेली वस्तू वारसाने मिळू शकते, असे एका भारतीय न्यायालयाने स्पष्ट म्हटले. ही वाट कुठवर जाईल ते पुढचे खटले ठरवतील. वीर्य मालमत्ता असेल तर मेणातला ब्लॉक का नाही, हा प्रश्न कोणी ना कोणी कोर्टात नेणारच.

माझे मत स्पष्ट आहे. देहाचा बाजार नको. तो उघडला तर त्यात पहिला उभा राहील तो कर्जात बुडालेला तुरीचा शेतकरी. मूत्रपिंडांच्या बाबतीत ते आपण भोगले आहे. पण बाजार बंद ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी बंद हवा. देणाऱ्याला दाता म्हणायचे आणि घेणाऱ्याला पेटंट द्यायचे, हे चालणार नाही. दान घेणाऱ्या संस्थेने त्यातून काय केले, कोणाला दिले, किती शुल्क घेतले, हे दरवर्षी जाहीर करावे आणि नफा झाला तर त्याचा ठरलेला भाग ज्या भागातून नमुने आले तिथल्या सरकारी दवाखान्यांना द्यावा.

आणि वाचकांना एक सांगणे. नेत्रदान करा, रक्त द्या, वार दान करण्याची सोय असेल तर तीही करा, देहदानाचा अर्ज भरा आणि घरच्यांना तो दाखवून ठेवा, कारण वेळ येईल तेव्हा त्यांनाच विचारतील. पण सही करण्याआधी कागद वाचा. हे उपचारासाठी की संशोधनासाठी, उरलेल्या नमुन्याचे काय होणार, तो राज्याबाहेर किंवा देशाबाहेर जाणार का, त्यातून कोणी पैसे मिळवणार का, आणि मला नको वाटले तर तो परत मागे घेता येईल का, एवढे विचारा. संशोधनाची माहिती रुग्णाला समजणाऱ्या भाषेतच दिली पाहिजे, असे नियम सांगतो. बिदर असो की कलबुर्गी, तुमची भाषा मराठी असेल तर संमतीपत्र मराठीत मागा. तो तुमचा हक्क आहे.